मूकवाचन

बेकरीच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी लावून अरुणाने दार उघडले, आणि बकरीने मुख्याध्यापकांची छत्री खाल्ल्याचे तिला ऐकू आले.

आवाज गल्लीच्या पलीकडून, इस्त्रीच्या दुकानावरच्या खिडकीतून येत होता. ‘मुख्याध्यापक’ हा शब्द तेजस्वीने एका दमात उच्चारला होता. मागच्या आठवड्यापर्यंत तो तुकड्यातुकड्यांनी येत असे. अरुणा गाडीचे दार धरून उभी राहिली. जोडाक्षरे स्वच्छ होती. पूर्णविरामापाशी आवाज नीट खाली येत होता. बकरी छत्रीची मूठही खाते, त्या ठिकाणी वाचणारी स्वतःच हसली, आणि ते हसूही स्पष्ट ऐकू आले.

अरुणाला आनंद झाला. औषधांच्या गुणवत्ता-चाचणीच्या प्रयोगशाळेत तिने उमेदीची वर्षे काढली होती. तिचा आनंद आधी निरीक्षण तपासून मग येत असे. तो आला, क्षणभर टिकला, आणि मग सवयीने तिची नजर अंतर मोजू लागली. दमट हवेत ध्वनी कोरड्या हवेपेक्षा थोडा दूर पोचतो, पण एका गल्लीच्या रुंदीत तो फरक नगण्य. म्हणजे हवेचा काही दोष नव्हता. मुलगी मोठ्याने वाचत होती, एवढेच. तंदूरपुढे खुबूज, म्हणजे इथली गरम रोटी, घ्यायला उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाने मान वर करून खिडकीकडे पाहिले, आणि पुन्हा आपल्या पिशवीकडे.

तेजस्वी नऊ वर्षांची होती. या वेळी ती खोलीत एकटी होती. आणि कोणत्याही सरकारी दप्तराच्या हिशेबाने ती बहरीनमध्ये नव्हतीच.

तिचे वडील रावजी यांनी एका ठेकेदाराचे काम मध्येच सोडले होते, आणि ठेकेदाराने ते पळून गेल्याची तक्रार केली होती. त्यांचा व्हिसा गेला, त्याबरोबर बायकोचा आणि मुलीचाही. रेसिडेंट आयडी नाही म्हणून शाळा नाही. शाळा नाही म्हणून शिकवायला अरुणा. जिदहफ्समधली ही खोली दोन प्रौढ माणसांच्या नावावर होती. मूल सापडले, तर रावजी कोठडीत आणि मायलेकी कुडाळच्या वाटेला, आणि तिघे पुन्हा एका छपराखाली कधी येतील ते कोणी सांगू शकत नव्हते. हे अरुणाला वर्षभर माहीत होते. मुलगी आता मोठ्याने वाचते, हेही माहीत होते. या दोन गोष्टी तिने शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. ती नेहमी मुलीची आई शेवंती घरी असताना येई, तेव्हा एसी चालू असे, खिडकी बंद असे. आज मराठी मंडळाची बैठक होती म्हणून ती लवकर आली होती.

दुकानात बासित कंदुऱ्यावर इस्त्री फिरवत होता. गल्लीतले पुरुष सणाला घालतात ते पायघोळ पांढरे कंदुरे त्याच्या मागे दोरीवर ओळीने लटकत होते.

“मॅडम, ऊपर बच्चा है क्या?”

“बच्चा नहीं. मोबाइल है,” अरुणा म्हणाली. “कहानी लगाके रखते हैं.”

बासितने इस्त्री उभी ठेवली. थोडा विचार केला.

“अच्छा मोबाइल है. बीच में हँसता भी है.”

अरुणा जिन्याकडे वळली.

“बिल्डिंग का मालिक जुमे को आता है,” तो कंदुऱ्याची बाही सरळ करीत म्हणाला. “उसको मोबाइल पसंद नहीं. बोल के रखो.”

वरच्या दारावर तिने ठरल्याप्रमाणे नखाने खरवडले. तेजस्वीने लॅच उघडले. तिचा फ्रॉक पाठीला चिकटला होता, केस कपाळाला. खोलीत तव्यावर पाय ठेवावा तसा उकाडा होता. अरुणाने आधी जाऊन खिडकी लावली.

“एसी का लावत नाहीस?”

“एसीचं पाणी खाली बासितचाचांच्या बोर्डावर पडतं,” तेजस्वी म्हणाली. अरुणाशी ती पुस्तकातल्यासारखे मराठी बोले. मालवणी फक्त आईसाठी. “दिवसा पडलं तर कळेल.”

“काय कळेल?”

मोठ्या माणसाने साधी गोष्ट विचारावी आणि मुलाला त्याची कीव यावी, तसे तेजस्वीने पाहिले.

“की आत कोणीतरी आहे.”

मग तिने कोणी न विचारताच बाकीचे नियम सांगितले. नळ करंगळीएवढा सोडायचा. संडासात पाणी आई आल्यावर ओतायचे. चपला घालायच्या नाहीत, खुर्ची ओढायची नाही. खोकला आला तर उशीत. ती हे सगळे पाढे म्हणावेत तसे म्हणत होती.

“आणि वाचायचं?”

“त्याबद्दल आई काही बोलली नाही,” तेजस्वी म्हणाली. “ते तुम्ही सांगितलंय.”

ते खरे होते. पहिल्या महिन्यांत मुलगी पुस्तक समोर धरून फक्त ओठ हलवीत असे. आवाज येत नसे. आला तर फुंकरीएवढा. अरुणाने याचा अभ्यास केला होता. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसण्यात अडचण, असे तिचे अनुमान होते, आणि त्यावरचा उपायही तिने शोधला होता: प्रकट वाचन, रोज, एकटीने, भिंतीला ऐकू जाईल असे. “लाज मोडली पाहिजे,” असे तिने शेवंतीला सांगितले होते. शेवंती चहाचे कप हातात घेऊन उभी होती. तिचे तोंड उघडले, मिटले, आणि मग ती “होय बाई” म्हणाली. त्या उघडून मिटलेल्या तोंडाची दखल अरुणाने तेव्हा घेतली नव्हती. मूल का बोलत नाही, याचे सर्वांत साधे कारण विचारून पाहण्याआधीच तिने त्याला दोषाचे नाव दिले होते.

शेवंती आली तेव्हा तिच्या हातांना दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातला लसणीचा वास होता. तिने प्रथम एसी लावला, मग पदराने मान पुसली. अरुणाने गाडीपाशी काय ऐकू आले ते सांगितले. बासितचेही सांगितले.

शेवंती खाली बसली.

“तुम्ही मला त्याच वेळी सांगायला हवं होतं,” अरुणा म्हणाली.

“तुम्ही शिकलेली माणसां, बाई. माका वाटलां, तुमका म्हायत आसतला. तुम्ही शिकवताना मी मदी कशाक बोलू?” तिने मुलीकडे पाहिले आणि आवाज उतरवला. “आणि खरां सांगू? चार वर्सां ह्या चेडू कुजबुजता. तेचो आवाज कसो आसा तां मी आवस आसून विसारलंय. तुम्ही वाचूक लावलास, तेव्हा आयकूक बरां वाटलां. म्हणान गप रवलंय.”

“एम्बसीत गेला होतात ना तुम्ही?”

“ह्ये जाऊन इले. कागद होतले म्हणतत. इंशाल्ला म्हणतत.” शेवंती किंचित हसली. “तां ऐकला की समजाचा, ह्या म्हयन्यात नाय.”

“मग आता?”

“आता काय. बंद करूचा.”

“वाचणं?”

“आवाज,” शेवंती म्हणाली. “आणि तेजू, ऐक. मी नसताना आता दार कोणाक उघडूचा नाय. बाईंकय नाय. नख वाजवलां तरी नाय. हालूचा पण नाय.”

तेजस्वीने मान डोलावली. अरुणानेही डोलावली, कारण नियम योग्य होता.

शाळेत असताना गुरुजी ‘आता मूकवाचन करा’ म्हणाले, की ते स्वतः डुलकी काढणार असे वर्ग समजून घेई. अरुणाचा मूकवाचनावर तेव्हापासूनच विश्वास नव्हता. पानावरून नजर फिरणे आणि पान वाचणे, यांत बाहेरून फरक दिसत नाही. ज्याची खूण दिसत नाही ते घडले असे धरून चालणे तिला पटत नसे. तरी त्या संध्याकाळी तिने मंडळाची बैठक सोडली आणि तेजस्वीसमोर पाण्याचा पेला ठेवला.

“एक घोट घे. गिळायचा नाही. तोंडात धरून वाच.”

तेजस्वीने गाल फुगवले. बकरी मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली तिथपर्यंत ती गेली, आणि मग पाणी नाकातोंडातून पानावर उडाले. शेवंतीने पदर तोंडाशी नेला. तिघीही आवाज न करता हसल्या. अरुणा सगळ्यांत शेवटी.

“बाई, मुख्याध्यापक म्हणजे नक्की कोण असतं?” पान पुसता पुसता तेजस्वीने विचारले.

“शाळेतला मुख्य माणूस.”

“त्याला सगळी मुलं ठाऊक असतात?”

“असायला हवीत.”

दुसऱ्या घोटाला ती पान संपवून आली. तिसऱ्याला दोन. अरुणा प्रश्न विचारी आणि तेजस्वी पाणी गिळून उत्तर देई. उत्तरे बरोबर होती. मग पेला बाजूला झाला. जीभ दातांमागे स्थिर, ओठ मिटलेले, गळ्यावर स्वतःचेच बोट, कंप होतो का ते पाहायला. अरुणाला हे शिकवता येत होते याचे तिला थोडे आश्चर्य वाटले.

“पण आत आवाज येतोच,” तेजस्वी म्हणाली. “वाचताना. डोक्यात.”

“येणारच. तो चालतो. तो बाहेर कोणाला ऐकू येत नाही.”

“तो माझा नाही.”

“मग कोणाचा?”

“तुमचा,” तेजस्वी म्हणाली. “डोक्यात तुम्हीच वाचता.”

अरुणाने पेला उचलून मोरीत नेऊन ठेवला, आणि तो विसळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. नळ तिने करंगळीएवढाच सोडला होता.

परतताना हायवेवर दीप्तीचा फोन आला. वाचनमित्र हा उपक्रम दीप्तीने सुरू केला होता: एक स्वयंसेवक, एक मूल, एक वर्ष. मूल कोणाचे, कुठले, हे तिने अरुणाला विचारले नव्हते. ‘शाळेचा प्रॉब्लेम आहे’ एवढे उत्तर तिला पुरले होते.

“अगं, बैठकीला का नाही आलीस? बरं, ऐक. संमेलनात तुला पाच मिनिटं दिलीयेत. ‘वर्षभराच्या सेवेचे फायदे.’ मुलाला काय मिळालं, आपल्याला काय मिळालं. कॉन्फिडन्स, पेशन्स, असं काहीतरी. आणि प्लीज, गेल्या वेळेसारखं सॅम्पल साइझ वगैरे नको हं. लोक जेवायला थांबलेले असतात.”

“बरं.”

“आणि तुझी ती मुलगी स्टेजवर वाचणार ना? आधी काहीच येत नव्हतं आणि आता बघा, असं. फोटो छान येईल.”

“नाही.”

“का गं?”

“तिला मोठ्याने वाचता येत नाही.”



“वर्षभर जाऊन?” दीप्ती म्हणाली. “राग मानू नकोस, पण मग फायदा काय झाला?”

“तो मोजायला माझ्याकडे साधन नाही.”

“तू पण ना, अरुणा.”

यानंतर अरुणा दर वेळी थोडी लवकर येऊ लागली. गाडीचे दार उघडून ती खिडकीखाली उभी राही आणि ऐके. पहिल्या आठवड्यात एखादा शब्द निसटून येई. मग कुजबुज. मग काही नाही. तंदूरचा भपका, कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज, बासितच्या इस्त्रीची वाफ, आणि वरून काही नाही. शेवंती येईपर्यंत ती खालीच थांबे, आणि वर गेली की तेजस्वी नवे पुस्तक संपवलेले दाखवी. मंडळाच्या कपाटातली सोपी पुस्तके संपली, मग अवघड. प्रयोग यशस्वी होता. बासित एकदा म्हणालाही:

“मोबाइल सुधर गया, मॅडम.”

दुष्परिणाम उशिरा ध्यानात आला. एसी चालू असताना, आई घरात असताना, बोलायला काहीच हरकत नसताना तेजस्वी बोलेनाशी झाली. गोष्टीत पुढे काय झाले असे विचारले, की ती पुस्तक उघडून त्या वाक्यावर बोट ठेवी. वाक्य बरोबर असे. हसू आले तर ते फक्त खांद्यांत दिसे.

“तेजू, तोंडाने सांग,” अरुणा म्हणाली.

तेजस्वीने ओठ हलवले. अरुणाला पुढे वाकावे लागले, आणि तरी तिला शब्द मिळाले नाहीत.

“माझ्याशीय असांच,” शेवंती कणीक मळता मळता म्हणाली. तक्रार करावी तसे ती म्हणाली नाही. “वाचता नुसतां. रात्री झोपेत बडबडायचा, तांय बंद झाला.”

“मी हे असं होईल असं धरलं नव्हतं.”

“तुम्ही कशाक वाईट वाटून घेतास? सुखरूप आसा नाय?”

अरुणाने मुलीकडे पाहिले. तेजस्वी भिंतीला टेकून वाचत होती. नजर ओळीच्या शेवटी जाऊन परत येत होती, पान उलटत होते. सुखरूप या शब्दाची व्याख्या करायला अरुणाला कोणी सांगितले असते, तर तिला त्या क्षणी जमले नसते.

संमेलनाच्या आधीच्या शुक्रवारी ती आली, तेव्हा दुपारची नमाज होऊन गेली होती आणि बेकरीपुढे कोणी नव्हते. तिच्या पिशवीत एका भित्र्या पोस्टमनच्या गोष्टीचे पुस्तक होते. तिने खिडकीखाली उभे राहून ऐकले. वरून काही नाही. एसीतून पाणी पडत नव्हते. म्हणजे शेवंती आली नव्हती. शुक्रवारी घराघरांत पाहुणे असतात, तिला उशीर होई. फोन ती कामावर बंद ठेवी, आणि तो बंद होता.

बासित दुकानाचे शटर अर्धे वर करून आत गठ्ठे सोडत होता. त्याने अरुणाला पाहिले आणि हातातला गठ्ठा खाली ठेवला.

“मालिक आया था,” तो म्हणाला. “दो आदमी साथ में थे. ऊपर गया.”

“फिर?”

“फिर मैं नमाज़ को चला गया, मॅडम. आया तो गाड़ी नहीं थी.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. आता पुढचा प्रश्न ती विचारील, आणि विचारला तर आपल्याला काही सांगता येईल, अशा तयारीने तो थांबला होता. निदान तिला तसे वाटले. पण वर मूल नाही, मोबाइल आहे, असे तिनेच त्याला सांगितले होते. त्याच्यामागे दुकानात दुसरा एक माणूस कपडे मोजून घेत होता. जे मूल नाहीच, ते कुठे आहे असे त्या माणसासमोर विचारता येत नव्हते.

“शुक्रिया,” ती म्हणाली.

“यल्ला,” ‘चला’ म्हणावे तसे बासित म्हणाला, आणि गठ्ठ्याकडे वळला.

वरचे दार बंद होते. लॅच ओढले की आपोआप बसणारे होते. ते आतून लावले की बाहेरून, हे पाहून कळत नसे. दाराखालच्या फटीत अंधार होता, आणि दिवसा तो तसाच असायला हवा होता. तिने नखाने खरवडले. उत्तर आले नाही. यायला नकोच होते. तिने कान दाराला लावला आणि स्वतःच्या कानातले रक्त ऐकले.

दोन शक्यता होत्या. तेजस्वी आत, भिंतीला टेकून, दिलेल्या सगळ्या सूचना तंतोतंत पाळत बसली होती. किंवा खोली रिकामी होती. अरुणाने दोन्ही शक्यता नीट तपासल्या. त्यांतून निघणारे निरीक्षण एकच होते. तिने वर्षभर जे शिकवले त्याचे यश आणि तिला ज्याची भीती होती ते संकट, या दाराबाहेरून अगदी सारखेच दिसत होते, आणि ही रचना कोणी केली हे तिला शोधावे लागले नाही.

मालकाला फोन करता येत नव्हता. दार ठोठावून शेजाऱ्यांना गोळा करता येत नव्हते. हाक मारता येत नव्हती. ज्या नावाने हाक मारायची, ते या इमारतीत नव्हते.

ती वरच्या पायरीवर बसली. जिन्यात कोणी आलेच तर एक बाई पायरीवर बसून पुस्तक वाचते आहे एवढेच दिसणार होते, आणि त्यात वावगे काही नव्हते. तिच्या पर्समध्ये रेसिडेंट आयडी होते. तिच्या आवाजाला व्हिसा होता.

तिने पुस्तक उघडले आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, जोडाक्षरे स्वच्छ ठेवून, पूर्णविरामापाशी नीट खाली येत. पोस्टमन सायकलवरून उतरला. फाटकाच्या आत कुत्रा होता की नव्हता, हे त्याला कळेना. खाली बासितच्या इस्त्रीचा आवाज थांबला, आणि बराच वेळ पुन्हा आला नाही.

पान संपले. अरुणा थांबली. दाराच्या पलीकडे काही हलले नाही.

तिने पान उलटले आणि पुढचे वाक्य वाचले, थोडे हळू, आत कोणी असेल तर बरोबरीने वाचता येईल अशा बेताने.